शिलाईतील माया

पितृपंधरवडा सरत आला की आमच्या करमाळा तालुक्यात घरोघरी एकच विचारणा ऐकू येते, "दसरा काढला का?" बाहेरगावच्या वाचकांसाठी सांगायला हवे, की दसरा काढणे म्हणजे घटस्थापनेपूर्वी घरातील यच्चयावत अंथरूण-पांघरूण धुऊन, वाळवून घर नवरात्रासाठी स्वच्छ करणे. पश्चिमेकडील गावांत उजनीच्या फुगवट्यावर, पूर्वेकडे सीनेच्या काठी आणि बाकी ठिकाणी विहिरीवर गोधड्या आपटल्या जातात. कोळिष्टके निघतात, डबे उन्हात पडतात, भांडी लखलखीत होतात. या साऱ्या धामधुमीत एक जागा मात्र बहुधा तशीच राहते. ती म्हणजे आपले स्वतःचे कपड्यांचे कपाट. उघडलेच, तर वरच्या चार घड्या सारख्या करून दार पुन्हा लोटले जाते.

वाचकहो, आपण पन्नाशीच्या आसपास असाल, तर त्या दाराआड काय आहे हे आपल्याला पुरते ठाऊक आहे. दंडात न शिरणारी पोलकी आहेत. "जरा बारीक झाले की घालीन" म्हणून ठेवलेले पंजाबी पोशाख आहेत. ज्यांची घडी कधी मोडलीच नाही अशा आहेराच्या साड्या आहेत. पुरुषांच्या कप्प्यात कमरेला दोन इंच कमी पडणाऱ्या विजारी आहेत. आणि या सगळ्याच्या खाली किंवा मागे, रोज वापरायचे म्हणून फिरून फिरून अंगावर येणारे चार-पाच कपडे आहेत. कपाट भरलेले आणि घालायला काही नाही, हा विरोधाभास या वयातील बहुतेक घरांत आढळतो. तो केवळ अव्यवस्थेचा प्रश्न असता, तर आरोग्यविषयक पाक्षिकात त्याला जागा देण्याचे कारण नव्हते. परंतु जे कपडे आपण रोज बारा-चौदा तास अंगावर वागवतो, त्यांचा त्वचेशी, श्वासाशी, चालण्याशी आणि मनाच्या उभारीशी थेट संबंध असतो.

प्रथम शरीराविषयी. चाळिशीनंतर कपडे घट्ट होऊ लागले, की बहुतेक स्त्रिया मनोमन स्वतःला दोष देतात. वस्तुतः पाळी थांबण्याच्या सुमारास इस्ट्रोजेन या संप्रेरकाचे प्रमाण घटते आणि शरीरातील मेदाची मांडणीच बदलते. पूर्वी नितंब-मांड्यांवर साठणारी चरबी आता पोटाभोवती साठू लागते. स्नायूंचे प्रमाण कमी होते, स्तनांचा घाट बदलतो, खांदे किंचित पुढे झुकतात. त्यामुळे वजन फारसे वाढलेले नसतानाही जुने पोलके बसेनासे होते. पुरुषांमध्ये हा बदल संथ असतो, पण पोटाचा घेर त्यांचाही वाढतोच. म्हणजे बदल हा अपराध नाही. तो वयाचा एक टप्पा आहे.

तथापि, एक मोजमाप अवश्य घ्यावे. शिंप्याची फीत घेऊन शेवटची बरगडी आणि कमरेचे हाड यांच्या मधोमध, श्वास सोडल्यावर, फीत न आवळता घेर मोजावा. भारतीय स्त्रियांत ८० सेंटीमीटर आणि पुरुषांत ९० सेंटीमीटर हा घेर ओलांडला, की मधुमेह व हृदयविकाराचा धोका वाढतो असे मानले जाते. हा आकडा वहीत लिहून ठेवावा आणि पुढच्या तपासणीच्या वेळी डॉक्टरांना दाखवावा. व्यायाम व आहार यांचे प्रयत्न त्यांच्या गतीने चालू राहू द्यावेत. मात्र कपडे आजच्या मापाचेच असावेत. भविष्यातील बारीक शरीराची वाट पाहत आजचे शरीर आवळून ठेवल्याने कोणाचाच घेर कमी झालेला नाही.

आवळून ठेवण्याची किंमत काय असू शकते, याचे एक उदाहरण आपल्याच राज्यातील आहे. नोव्हेंबर २०२४ मध्ये 'बीएमजे केस रिपोर्ट्स' या वैद्यकीय नियतकालिकात वर्धा येथील जवाहरलाल नेहरू वैद्यकीय महाविद्यालय आणि बिहारमधील मधुबनी येथील वैद्यकीय महाविद्यालय यांतील डॉक्टरांनी दोन रुग्णांची माहिती प्रसिद्ध केली. त्यांपैकी एक स्त्री सत्तर वर्षांची होती. परकर कमरेशी घट्ट बांधण्याची तिची अनेक वर्षांची सवय होती. कुशीवर झालेली जखम दीड वर्ष बरी होत नव्हती आणि तपासणीअंती ती त्वचेचा कर्करोग निघाली. दुसरी स्त्री साठीच्या उत्तरार्धातील होती. ती परकराविना लुगडे कमरेभोवती घट्ट नेसत असे. तिच्या बाबतीत तर रोग जांघेतील गाठीपर्यंत पोहोचला होता. हे दुखणे अगदी नवे नाही. टाटा रुग्णालयातील विकृतिशास्त्रज्ञ डॉ. वसंत रामजी खानोलकर यांनी डॉ. सूर्याबाई यांच्यासह १९४५ साली, धोतर घट्ट नेसणाऱ्यांच्या कमरेवर होणाऱ्या अशाच कर्करोगाचे वर्णन शास्त्रीय निबंधात केले होते.

याचा अर्थ परकराच्या नाडीने सर्वांना कर्करोग होतो असा मुळीच नाही. हा प्रकार अत्यंत विरळ आहे. पण त्याच्या आधीच्या पायऱ्या विरळ नाहीत. वर्षानुवर्षे एकाच जागी दोरी रुतली, की तेथील त्वचा काळवंडते, कोरडी व खरखरीत होते, तिचे पापुद्रे निघतात. सोलापूर जिल्ह्याच्या उन्हाळ्यात त्यात घामाची भर पडते. मग खाज, ओरखडा आणि चिघळणारी जखम असा क्रम सुरू होतो. आज रात्री कपडे बदलताना आरशासमोर उभ्या राहून आपल्या कमरेकडे एकदा नीट पाहा. दोरीचा लाल वळ उमटला असेल, तर नाडी सैल करण्याची वेळ आली आहे. काळा पट्टा पडला असेल, तर ती कधीच येऊन गेली आहे. आणि तीन-चार आठवड्यांत न भरणारी जखम असेल, तर संकोच न करता डॉक्टरांना दाखवावी. लाजेमुळे लांबलेला उपचार हेच अशा दुखण्यातील खरे संकट असते.

उपाय अगदी साधा आहे. बारीक गोल दोरीऐवजी रुंद, चपटी नाडी वापरावी. परकराचा नेफा दोन-अडीच इंच रुंद करून घ्यावा, म्हणजे ताण एका रेषेवर न पडता पसरतो. नाडी बांधल्यावर तिच्याखाली दोन बोटे सहज जावीत. गाठ रोज एकाच जागी न ठेवता कधी थोडी वर, कधी थोडी खाली घ्यावी आणि घरी असताना काही तास तरी कंबर मोकळी ठेवावी. साडी सुटेल ही भीती अनेकींना वाटते. पण रुंद नेफ्याच्या परकरावर सुती साडी उत्तम टिकते. निसटते ती बहुधा गुळगुळीत कृत्रिम धाग्याची साडी.

कृत्रिम धाग्याचा विषय निघालाच आहे, तर तेही पाहू. पाळी थांबण्याच्या काळात अंगातून एकाएकी गरम वाफा निघाल्यासारखे होते आणि पाठोपाठ घाम सुटतो. घाम न शोषणारे कापड अंगावर असेल, तर हा त्रास दुणावतो. स्तनांखाली, जांघेत, काखेत ओल राहते आणि नायट्याला आमंत्रण मिळते. मग दुकानातून परस्पर आणलेले मलम लावले जाते. त्यात स्टेरॉइड असले, तर नायटा काही दिवस दबतो आणि पुढे अधिक चिवट होऊन उलटतो. अंतर्वस्त्रे सुती, आजच्या मापाची आणि पूर्ण वाळलेली असणे ही यातील निम्मी चिकित्सा आहे. पुरुषांनीही पट्ट्याचे भोक एकाने पुढे सरकवण्यात कमीपणा मानू नये. पोट आवळणाऱ्या पट्ट्याने जेवणानंतरची जळजळ वाढते. तसेच घट्ट विजार व पट्टा यांमुळे मांडीच्या बाहेरच्या बाजूस जाणाऱ्या मज्जातंतूवर दाब येऊन तेथे बधिरपणा व मुंग्या येऊ शकतात.

आता कपाटाकडे वळू. सगळे कपाट एकाच दिवशी जमिनीवर ओतण्याचा मोह टाळावा. संध्याकाळपर्यंत थकवा येतो आणि सर्व काही पुन्हा आत कोंबले जाते. दिवसाला एक कप्पा पुरे. प्रत्येक कपडा हातात न धरता अंगावर चढवून पाहावा आणि त्याला तीन साध्या परीक्षा द्याव्यात. तोरण बांधायला उचलतो तसे दोन्ही हात वर करावेत, पंगतीला बसतो तशी मांडी घालावी आणि चार पायऱ्या चढून-उतरून पाहाव्यात. करमाळ्याच्या देवीच्या माळावर कमलाभवानीच्या दर्शनाला गेलेल्यांना तेथील शहाण्णव पायऱ्यांची बारव ठाऊक आहे. ज्या पोशाखात तेथे उतरून पुन्हा वर येण्याची हिंमत होणार नाही, तो पोशाख या वयात आपल्या उपयोगाचा नाही, असा ढोबळ नियम करायला हरकत नाही. पायात अडकणारा घोळ आणि निसरड्या चपला यांनी पन्नाशीनंतर होणारी पडझड नंतर फार काळ त्रास देते.

या परीक्षेतून आपोआप काही ढीग होतील. पहिला ढीग बसणाऱ्या आणि आवडणाऱ्या कपड्यांचा. तो अनपेक्षितपणे लहान असतो. पण त्याकडे थोडे थांबून पाहावे. त्यात आपला रंग कोणता, काठ कोणता, गळा कोणता, पोत कोणता, हे स्पष्ट दिसते. पुढची खरेदी त्या ढिगाला विचारून करावी. नवरात्रात नऊ दिवसांचे नऊ रंग नेसण्याची प्रथा आता गावोगाव पोहोचली आहे. तिच्या पायी दर वर्षी नवी साडी घेण्याऐवजी आधी कपाटात तो रंग शोधावा. इतक्या वर्षांच्या संसारात नवापैकी सात रंग तरी घरातच निघतील.

दुसरा ढीग थोडक्यात हुकलेल्या कपड्यांचा, आणि येथे शिंप्याची गाठ पडते. शिवणीच्या आत दुमडून ठेवलेल्या जास्तीच्या कापडाला शिंप्यांच्या बोलीत 'माया' म्हणतात. जाणता शिंपी पोलके बेतताना आपण न सांगताही बाजूला माया सोडतो, कारण अंग आज आहे तसे उद्या राहणार नाही, हे त्याला ठाऊक असते. पोलके उलटे करून बघा. दोन्ही बाजूंना अर्धा-पाऊण इंच कापड असेल, तर एक टीप उसवून ते पुन्हा अंगात येते. माया संपली असेल, तर काखेत वेगळ्या कापडाची कळी बसवता येते. नव्या साडीच्या किमतीच्या तुलनेत हा खर्च नगण्य असतो आणि दहा-बारा साड्या पुन्हा नेसण्याजोग्या होतात.

तिसरा ढीग आठवणींचा. लग्नातला शालू, आईची इरकल, वडिलांचा कोट. यांना उपयुक्ततेची मोजपट्टी लावू नये. मात्र सर्वच काही आठवण म्हणून राहू लागले, तर कपाटाचे संग्रहालय होते. मोजक्या वस्तू निवडून जुन्या मऊ सुती कापडात गुंडाळाव्यात आणि दोन-तीन महिन्यांनी त्यांच्या घड्या बदलाव्यात, म्हणजे जर दुमडीवर तुटत नाही. आईची इरकल शक्य तर नेसावी. बंद ट्रंकेत ती जितकी विरते, त्याहून नेसण्याने अधिक विरत नाही. एक सावधगिरी अवश्य बाळगावी. नातवंडांसाठी राखलेल्या दुपट्यांत आणि झबल्यांत डांबराच्या गोळ्या ठेवू नयेत. त्यातील नॅप्थलीनमुळे विशिष्ट आनुवंशिक दोष असलेल्या तान्ह्या बाळांच्या रक्तपेशी फुटून गंभीर कावीळ होऊ शकते. कडुलिंबाचा वाळलेला पाला आणि अधूनमधून दाखवलेले ऊन पुरेसे आहे.

चौथा ढीग देण्याघेण्याच्या साड्यांचा. या साड्या कोणी नेसत नाही. त्या या लग्नातून त्या लग्नात प्रवास करतात. आपल्या घरी तरी हे चक्र थांबवता येईल. उरलेल्यांपैकी चांगल्या अवस्थेतील कपडे धुऊन, इस्त्री करून, ज्याला हवे आहेत त्याला विचारून द्यावेत. फाटके देणे हे दान नसते. जीर्ण सुती साड्यांसाठी आपल्याकडे गोधडीइतकी सुंदर सोय दुसरी नाही. शेकडो वेळा धुतलेल्या सुताइतके मऊ पांघरूण बाजारात विकत मिळत नाही.

येथपर्यंत मापाची गोष्ट झाली. परंतु मध्यम वयात कपाटाचे दार काही जणींच्या बाबतीत वेगळ्याच कारणाने बंद होते. पती निवर्तल्यावर चाळिशी-पन्नाशीतील स्त्रीच्या कपाटातील हिरवी, लाल, कुंकवाच्या रंगाची साडी एका दिवसात तिची उरत नाही. कपडे बसत असतात, रंग आवडता असतो, पण नेसण्याची मुभा काढून घेतलेली असते. करमाळ्यातून या प्रश्नावर उठलेला एक आवाज साऱ्या महाराष्ट्राने ऐकला आहे. येथील महात्मा फुले समाजसेवा मंडळाचे प्रमोद झिंजाडे यांनी, आपल्या मृत्यूनंतर पत्नीवर विधवा प्रथा लादू नयेत, असे प्रतिज्ञापत्र स्वतः केले आणि गावोगावी या प्रथा थांबवण्याचे आवाहन केले. त्या प्रेरणेतून कोल्हापूर जिल्ह्यातील शिरोळ तालुक्याच्या हेरवाड गावाने मे २०२२ मध्ये ग्रामसभेत ठराव केला, की पतीच्या निधनानंतर कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे, मंगळसूत्र आणि जोडवी काढणे या प्रथा गावात बंद कराव्यात. त्याच महिन्यात राज्याच्या ग्रामविकास विभागाने परिपत्रक काढून इतर ग्रामपंचायतींनीही हेरवाडचे अनुकरण करावे असे कळवले.

परिपत्रक गावाला सांगू शकते, कपाट उघडू शकत नाही. ते काम घरातल्यांचे आहे. आपल्या घरात, शेजारात अशी बहीण, वहिनी, जाऊ किंवा आई असेल, तर यंदाचा दसरा काढताना तिचे कपाट तिच्याबरोबर बसून लावा. तिची आवडती साडी देण्याच्या ढिगात जात असेल, तर "ही का देतेस?" एवढे विचारा आणि उत्तर येईपर्यंत थांबा. पोलके उसवायला शिंप्याकडे जाताना तिचेही घेऊन जा. हळदीकुंकवाला बोलावताना तिचे नाव गाळू नका. आणि तिला फिकट रंगच हवा असेल, तर तोही तितक्याच सहजपणे मान्य करा. सक्तीचा रंग बदलून दुसऱ्या रंगाची सक्ती करणे हा उपाय नव्हे. निवड तिची असावी, एवढेच महत्त्वाचे. दुःखात माणूस आधी स्वतःकडे पाहणे सोडतो, मग बाहेर पडणे, मग वेळेवर जेवणे. एखादी आवडती साडी पुन्हा नेसावीशी वाटणे हे पुष्कळदा सावरण्याचे पहिले चिन्ह असते. ते उमटले की घरातल्यांनी टोकू नये.

हे टोकणे केवळ विधवांच्याच वाट्याला येते असेही नाही. "या वयात हा रंग?" हे वाक्य सुवासिनींनाही ऐकावे लागते, आणि पुष्कळदा त्या ते स्वतःलाच ऐकवतात. वयाला शोभणारे म्हणजे काय, याचे आरोग्याच्या दृष्टीने उत्तर सोपे आहे. ज्यात श्वास मोकळा राहतो, त्वचा कोरडी राहते, पाऊल अडखळत नाही आणि आरशात पाहताना मान खाली जात नाही, ते वयाला शोभते.

घटस्थापनेला अजून थोडे दिवस आहेत. सगळे कपाट लावून होणार नाही, झाले नाही तरी चालेल. आज एक पोलके उलटे करून त्याची माया तपासा, परकराची नाडी बदला आणि कमरेचा घेर वहीत लिहा. उद्या दुसरा कप्पा.